बॉल तिकडे असताना

प्रत्येकाच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. ओगाता सरांचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत.

स्ट्रायकरचं बरं असतं, त्याचे किस्से सगळा नाका सांगतो. गोलकीपरचे किस्से दुसऱ्या गोलकीपरनेच सांगायचे, कारण बाकीचे दहा जण तेव्हा त्याच्याकडे पाठ करून उभे असतात!

तर मी दुसरा गोलकीपर. नाव सावंत, राहणार भांडुप. एका बँकेच्या टीमचा कीपर होतो. लग्न राहून गेलं, आई गेली, बँकेतून व्हीआरएस घेतली आणि घरात मी आणि टीव्ही एवढेच उरलो. टीव्हीशी किती बोलणार? म्हणून मुलुंडच्या एका क्लबात कीपर-कोचचा असिस्टंट म्हणून चिकटलो. मला वाटलं होतं, कोच कोणी परळचा नाहीतर वसईचा असेल. आला तो थेट जपानहून. आता बोला!

*

पहिल्या दिवशी कमिटीने सरांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि एवढा मोठा गुच्छ की मागे सर दिसेनात. अध्यक्षांचा फुटबॉलशी संबंध म्हणजे उद्घाटनाला किक मारण्यापुरता. त्यांनी माइकवरूनच विचारलं, "सर, करियरमध्ये टोटल गोल किती मारले?"

"एकही नाही," सर म्हणाले. "मी गोलकीपर."

"अच्छा अच्छा! मग अडवले किती?"

सरांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "मॅचमध्ये थोडे. प्रॅक्टिसमध्ये भरपूर!"

सगळे हसले. सरांनी विनोद केला असं वाटलं लोकांना. नंतर चहा पिताना त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं (आमच्या गप्पा इंग्रजीतच चालायच्या, इथे मी मराठीत सांगतोय) की ते खरंच होतं. पार उत्तरेकडच्या गावातला माणूस, शाळेत बर्फात लाल बॉलने खेळायचा. प्रोफेशनल झाला, मोठ्या क्लबात गेला, आणि तिथे उभी कारकीर्द नंबर दोनचा कीपर म्हणून बेंचवर काढली. कारण नंबर एकचा कधी आजारीच पडला नाही!

"मी त्याला रोज सकाळी विचारायचो, तब्येत कशी आहे?" सर म्हणाले. "तो म्हणायचा, एकदम छान. मग मला आनंद व्हायचा."

"खरंच व्हायचा?"

"व्हायचा ना," सर म्हणाले. "पण लहान साइजचा."

*

जपानी खेळाडू मैदानात पाऊल टाकायच्या आधी कमरेत वाकून मैदानाला नमस्कार करतात. कोणी नसलं तरी करतात. सर रोज सकाळी गेटातून आले की रेघेपाशी थांबून वाकायचे. आणि समोर पाइप घेऊन पाणी मारत असायचे आमचे परबकाका, ग्राउंड्समन, मूळ कुडाळचे. काका पाइप खाली ठेवून दोन्ही हात जोडायचे. हा कार्यक्रम कित्येक दिवस चालू होता. मला वाईट वाटायला लागलं, म्हातारा उगाच खूश होतोय.

एक दिवस मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, गैरसमज नको. सर तुम्हाला नाही, जमिनीला नमस्कार करतात."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच मूर्ख. म्हणाले, "माका म्हायत आसा रे! पण जमीन काय उलट नमस्कार करूची नाय. म्हणान मी करतंय."

तेव्हापासून दोघांची जी गट्टी जमली, ती जमलीच. सर मराठी शिकले ते परबकाकांकडून, पाइप धरून. त्यामुळे झालं काय, की अख्ख्या मुलुंडमध्ये एकच जपानी माणूस आणि तो मालवणी बोलायचा!

*

सरांना एक मुलगी आहे, मियो. ती तिसरीत असतानाच सरांचं आणि बायकोचं बिनसलं. मुलगी आईकडे गेली. सर आधी दुसऱ्या गावच्या क्लबात, मग थायलंडमध्ये कोचिंगला, मग आमच्याकडे. महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल असायचा. मियो फोन टेबलावर उताणा ठेवून स्वतःची कामं करत बसायची, म्हणजे सरांना दिसायचं काय, तर छत. "तिच्या खोलीतला दिवा मी कुठेही ओळखीन," सर म्हणायचे. हे ते हसत सांगायचे.

मियो पहिलीत असतानाची गोष्ट. बाईंनी वर्गात विचारलं, तुमचे बाबा काय करतात? कोणाचे बाबा बस चालवायचे, कोणाचे मासे विकायचे. मियो उभी राहिली आणि म्हणाली, "माझे बाबा फुटबॉल बघतात. क्लब त्यांना त्यासाठी गाडीने नेतो."

तिची तरी काय चूक? आजीबरोबर स्टेडियममध्ये जायची, तेव्हा बाबा कोट घालून बेंचवर बसलेला. बघतच असायचा!

बरं, एकदा सर मैदानात उतरलेही, अगदी शेवटच्या मिनिटाला. नंबर एकच्याने बॉक्सच्या बाहेर येऊन एकाला आडवा केला आणि रेफ्रीने लाल कार्ड दाखवलं. सर कोट काढून धावत आत गेले. समोरच्यांची फ्री किक, भिंतीवरून वळलेली, वरच्या कोपऱ्यात. सरांनी उडी मारून बोटांच्या टोकांनी ती बाहेर काढली. स्टेडियम उभं राहिलं. आयुष्यातली सगळ्यात भारी सेव्ह!

त्या दिवशी मियो घरी टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीवर काय दाखवत होते? नंबर एकचा कीपर रडत रडत आत चाललाय, ते! डायरेक्टरला तो इतका आवडला की फ्री किक होऊन गेली तरी कॅमेरा त्याच्यावरच. त्या सेव्हचं शूटिंगच नाही कुठे. सरांनी क्लबात, चॅनलमध्ये, सगळीकडे विचारून बघितलं.

"घरी गेल्यावर मियो काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, ते काका किती रडत होते, बाबा."

*

आता बसचा किस्सा. यात माझीही लाज आहे, पण सांगतो.

अंधेरीला मॅच होती. आमची पोरं जिंकली, आरडाओरडा, फोटो, बस सुटली. बसमध्ये डोकी मोजायचं काम माझं. मोजली, बरोबर भरली. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला जे अडकलो ते अडकलो. पवईपर्यंत आल्यावर मला वाटलं, सरांना जरा वेफर्स द्यावेत. मागे वळून बघतो तर सरांच्या सीटवर एक अनोळखी मुलगा, झकासपैकी झोपलेला. आमच्या लेफ्ट विंगचा मावसभाऊ. त्याला घाटकोपरला सोडायचं होतं म्हणे!

फोन लावला. "सर, कुठे आहात?"

"मी हयच आसंय," पलीकडून शांत आवाज.

रिक्षा करून उलटा गेलो. रिकामं मैदान, आणि सर गोलपोस्टला टेकून बसलेले, मांडीवर ग्लोव्ह्ज. मी हातापाया पडायचाच बाकी होतो. सर म्हणाले, "असू दे, सावंत-सान. बॉल तिकडे असला की सगळे तिकडे जातात. कीपरला विसरणं सोपं आहे."

मी म्हटलं, "सर, चिडा तरी!"

"तुला पण विसरले असतील ना कधी?" त्यांनी विचारलं.

बँकेच्या टीमने मला एकदा नागपूरला विसरलं होतं. ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सरांना सांगितलं. मग दोघं रिक्षाने मुलुंडला आलो, वाटेत त्यांनी मला अर्धं केळं दिलं.

*

मैदानाला लागून एक सोसायटी आहे. पहिल्या मजल्यावर केळकर काकू राहतात, मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगलोरला, काकू गॅलरीत. एका सोमवारी त्यांनी मला वरूनच हाक मारली.

"अहो सावंत! तुमचा तो जपानी दर रविवारी कुणाशी भांडतो हो?"

रविवारी क्लब बंद असतो. मी म्हटलं काहीतरीच काय, आणि पुढच्या रविवारी बघायला गेलो. खरंच! रिकाम्या मैदानात, रिकाम्या गोलमध्ये सर एकटे उभे आणि जिवाच्या आकांताने ओरडतायत. "लेफ्ट! लेफ्ट बघ! बाहेर या! मागे माणूस!" पुढ्यात चिटपाखरू नाही.

कीपरला सतत ओरडावं लागतं, ते मला माहीत आहे. डिफेन्सला मागचं दिसत नाही, त्यांचे डोळे म्हणजे कीपर. पण डिफेन्सच नसताना? मी जवळ जाऊन विचारलं तर सर ओशाळले. म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी पोरं घरी जातात. मग सोमवारपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. सोमवारी ओरडायला गेलो की आवाज फाटतो. म्हणून थोडी प्रॅक्टिस."

मी काकूंना जाऊन सांगितलं की भांडण वगैरे नाही, घशाचा व्यायाम आहे. तो का करावा लागतो तेही सांगितलं. काकू म्हणाल्या, "मी आपली रविवारी रेडिओशी बोलते."

पुढच्या रविवारी सरांनी सुरुवात केली, "लेफ्ट! लेफ्टला बघ!"

आणि वरून, गॅलरीतून, खणखणीत आवाजात उत्तर आलं, "लेफ्टला कुणी नाही हो! सगळे जेवायला गेले!"

सर दचकून वर बघायला लागले. मग त्यांनी जरा वेळ विचार केला आणि उजव्या हाताकडे बोट दाखवून ओरडले, "राइट?"

"राइटला मांजर आहे!" काकू म्हणाल्या.

*

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी आणि सर स्टेशनजवळच्या उडप्याकडे जेवायला लागलो. तिथे एक पंचाईत व्हायची. कीपरला पाठीमागे मोकळं असलेलं चालत नाही. पाठीला भिंत पाहिजे आणि समोर सगळं दिसलं पाहिजे. जन्माची खोड! आता चार जणांच्या टेबलावर भिंतीकडची बाजू एकच. मग आम्ही दोघं त्याच बाजूला शेजारी शेजारी बसायचो, बेंचवर बसावं तसे, आणि समोरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

वेटर दर वेळी विचारायचा, "और कोई आनेवाला है क्या?"

मी नाही म्हणायच्या आत सर म्हणायचे, "येतली."

वेटर बिचारा चार ग्लास पाणी ठेवून जायचा. मला वाटायचं, सर त्याची गंमत करतात. एकदा गर्दी होती, लोक टेबलासाठी ताटकळत होते, मी जरा वैतागूनच म्हटलं, "सर, कोण येतली? दर रविवारी कोण येणार आहे आपल्याकडे?"

"मियो," सर म्हणाले आणि डोशाचा तुकडा चटणीत बुडवत बसले.

मी खाली बघून सांबार ढवळलं. बाहेरच्या लोकांना म्हटलं, थोडा वेळ लागेल.

*

आणि मियो आली! गेल्या डिसेंबरात.

कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर भारत बघायला निघाली होती. परतीचं विमान मुंबईहून. तिने बापाला मेसेज केला की एक दिवस मधे मोकळा आहे, तुम्ही काम करता ते ठिकाण बघायला येऊ का?

सरांनी तो मेसेज मला दाखवला, परबकाकांना दाखवला, केळकर काकूंना गॅलरीखाली उभं राहून दाखवला. आणि मग, इतक्या वर्षांत ज्या माणसाने क्लबाकडे कधी साधा पंखासुद्धा मागितला नव्हता, तो मला म्हणाला, "सावंत-सान, मला एक मॅच मिळेल का?"

म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. पोरीने बापाला खेळताना एकदाही बघितलं नव्हतं. परत कधी येईल, येईल की नाही, कोणाला ठाऊक. ही एकच संधी होती आणि सरांचा एक गुडघा कामातून गेलेला.

मी कामाला लागलो. आमचे माजी खेळाडू गोळा केले, पार्ल्याच्या एका क्लबातल्या चाळिशी उलटलेल्या लोकांना मॅचला बोलावलं. आमच्या डिफेन्सचा म्होरक्या साळवी. आता इन्शुरन्समध्ये आहे, पोट सुटलंय, पण टॅकल अजून तसाच खतरनाक. मी सगळ्यांना सांगितलं, "सरांची मुलगी येतेय. सरांची इज्जत सांभाळा रे."

"टेन्शन नको," साळवी म्हणाला. "सरांसाठी जान हाजिर!"

हीच माझी चूक झाली. त्या गाढवांनी ते फारच मनावर घेतलं.

मॅच सुरू झाली. मियो माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. शांत मुलगी, डोळे अगदी सरांचे. आणि समोर आमचे लोक असे खेळत होते की वर्ल्ड कप फायनल आहे! पार्लेकरांचा एकही माणूस मधली रेघ ओलांडून सुखरूप पुढे आला नाही. साळवीने बॉल हेड केला, छातीवर घेतला, एकदा तर तोंडावर झेलला. दर वेळी मागे वळून ओरडायचा, "सर, एक पण येऊ देणार नाही!"

सर गोलमध्ये एकटे. बॉल सगळा पलीकडे.

हाफटाइमला मी साळवीची कॉलर धरली. "अरे एक तरी येऊ दे ना! पोरगी काय बघायला आलीय?"

साळवीचा चेहरा पडला. आता त्याच्या डोक्यात शिरलं. म्हणाला, "मुद्दाम सोडू? सरांना कळणार नाही?"

कळणार होतं. लगेच कळलं असतं. आणि मुद्दाम सोडलेला बॉल अडवणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडात मारण्यासारखं होतं. मी कॉलर सोडली. "जाऊ दे," म्हटलं. "खेळा."

दुसऱ्या हाफमध्ये पार्लेकर दमून उभेच राहिले. सहा-शून्य! सगळा गाव आमच्या गोलांना टाळ्या वाजवत होता आणि मला शरमेने मान वर करवत नव्हती. शेवटी धीर करून मियोकडे बघितलं. ती गोलांकडे बघतच नव्हती. पहिल्यापासून तिची मान एकाच बाजूला वळलेली होती, सरांकडे. सर दोन पावलं पुढे येत होते, मागे जात होते, हात करत होते, ओरडत होते.

"ते सारखे का ओरडतात?" तिने मला इंग्रजीत विचारलं. "बॉल तर तिकडे आहे."

"बॉल तिकडे असतो तेव्हाच कीपरला जास्त काम असतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि परत बघायला लागली.

शिट्टी झाली. हस्तांदोलन, फोटो. काकूंनी सगळ्यांसाठी पावभाजी केली होती, त्या वरून हाका मारायला लागल्या. सर अजून गोलमध्येच होते, ग्लोव्ह्जचे पट्टे सोडत. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. मी तिकडे जायला उठलो, पण माझ्या आधी मियो उठली. कुठूनतरी बॉल आणला, चालत मैदानात गेली आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला.

सरांनी सोडलेले पट्टे परत आवळले. परबकाकांनी पाणी बंद केलं.

"सर सोडणार," साळवी माझ्या कानात म्हणाला. "कुठला बाप अडवेल?"

मियो धावत आली आणि सगळी ताकद लावून मारला. साधासुधा नाही, चांगला सणसणीत, उजव्या कोपऱ्यात जमिनीलगत. आणि तो पन्नाशीचा माणूस त्या गेलेल्या गुडघ्यावरून आडवा झेपावला! बॉल दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला आणि त्याच्यावर मुटकुळं करून पडून राहिला.

"अरे यार सर, लेकीला तरी सोडायचा ना!" साळवी कळवळला.

सर उठेनात. मियो पळत त्यांच्यापाशी पोचली, वाकली, काहीतरी विचारलं. सरांनी मान हलवली, लागलं नव्हतं. मग तिने बॉल मागायला हात पुढे केला. सरांनी बॉल दिला नाही. तिने ओढून बघितला, तरी सोडला नाही. मग ती तिथेच, गोलच्या तोंडाशी, मातीत त्यांच्या शेजारी बसली. एक हात त्या बॉलवर ठेवून.

बराच वेळ झाला. वरून काकू विचारायला लागल्या, अहो वाढू का, गार होतंय. साळवीने माझ्याकडे बघितलं. "काय करू? बोलावू त्यांना?"

"थांब रे," मी म्हटलं. "मॅच चालू आहे."